वाचकांचे प्रश्न : खोल पाण्यातील प्रवाळांची मोजणी

मागील अंकातील लेखात आम्ही एक साधा मुद्दा मांडला होता. प्रवाळभित्ती म्हणजे उथळ, उबदार, निळ्या पाण्यातील रंगीत बागा ही समजूत अपुरी असून शेकडो मीटर खोलीवरच्या काळोखातही प्रवाळांच्या विस्तीर्ण वसाहती आहेत, आणि त्यांची शास्त्रशुद्ध पाहणी आता कोठे वेग घेऊ लागली आहे, असे त्यात म्हटले होते. सोलापूरपासून समुद्र सरळ रेषेत तीनशे किलोमीटरांच्या आसपास दूर असल्यामुळे या विषयावर फारशी पत्रे येणार नाहीत असा आमचा होरा होता, पण तो सपशेल खोटा ठरला. शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांचे गाव आणि व्यवसाय एवढाच उल्लेख ठेवला आहे.

प्रश्न : प्रवाळांना भरपूर सूर्यप्रकाश, उबदार तापमान आणि स्वच्छ उथळ पाणी लागते, असे आम्ही शाळेपासून शिकत आलो. मग पाचशे मीटर खोलीवर, गार आणि काळ्याकुट्ट पाण्यात ते जगतात कसे? पुस्तक चुकले म्हणायचे का? (बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, जुळे सोलापूर)

उत्तर : पुस्तक चुकलेले नाही, परंतु ते प्रवाळांच्या एकाच गटाविषयी बोलते. प्रवाळ हा प्राणी आहे. उथळ पाण्यातील बहुतेक भित्तीकारक प्रवाळ आपल्या पेशींत सूक्ष्म शैवाल बाळगतात, ते शैवाल प्रकाशसंश्लेषण करून आपल्या यजमानाला अन्न पुरवते, आणि त्यामुळे अशा प्रवाळांचे सारे आयुष्य उजेडाशी बांधलेले असते. साधारण ३० मीटरांपर्यंतच्या या पट्ट्याचाच अभ्यास आजवर सर्वाधिक झाला आहे, कारण नेहमीच्या स्कूबा साधनांनी, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून, माणूस तेवढाच खोल सुरक्षितपणे जाऊ शकतो. आपले ज्ञान कोठे थांबले हे पुष्कळदा निसर्गाऐवजी आपल्या श्वासाच्या टाकीने ठरवले आहे, ही गोष्ट या विषयात सतत लक्षात ठेवावी लागते.

त्याखाली सुमारे ३० ते १५० मीटरांचा संधिप्रकाशाचा पट्टा येतो. तेथेही शैवालधारी प्रवाळ आढळतात, मात्र मिळेल तो प्रकाश टिपण्यासाठी त्यांपैकी कित्येकांचा आकार परातीसारखा पसरट झालेला असतो. फ्लोरिडाच्या नैर्ऋत्येस मेक्सिकोच्या आखातातील पुली रिज ही ६० मीटरांहून खोल असलेली भित्ती या प्रकाराचे प्रसिद्ध उदाहरण आहे. त्याच्याही खाली गेल्यावर शैवालाचा संबंध पूर्णपणे सुटतो. तेथील प्रवाळ आपली स्पर्शके पसरून प्रवाहाबरोबर वाहत येणारे सूक्ष्म प्राणी आणि सेंद्रिय कण पकडून खातात. त्यांना उजेड लागत नाही, पण कठीण तळ आणि अन्न आणून देणारा वाहता प्रवाह लागतो. उत्तर अटलांटिकमध्ये अशा भित्ती बांधणारी प्रमुख जाती लोफेलिया पर्टुसा या नावाने ओळखली जात असे. आता तिचे वर्गीकरण डेस्मोफिलम पर्टुसम असे झाले आहे; पुढे मात्र रुळलेले लोफेलिया हेच नाव वापरले आहे. नॉर्वेच्या किनाऱ्यालगत २००२ मध्ये सापडलेली रॉस्ट भित्ती याच जातीची आहे. ती ३०० ते ४०० मीटर खोलीवर, सुमारे ४० किलोमीटर लांब पसरलेली आहे, आणि तीही आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला.

भारतीय समुद्रांतही अशा प्रवाळांची माहिती नवी नाही. इन्व्हेस्टिगेटर या सर्वेक्षण जहाजाने खोल तळावरून खरवडून वर आणलेल्या नमुन्यांचे वर्णन निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड अल्कॉक यांनी १८९८ मध्येच प्रसिद्ध केले होते. त्या काळी जाळ्यात आलेले तुकडे पाहूनच खालच्या सृष्टीचे चित्र मनाशी जुळवावे लागे. एखाद्या घराची भिंत पाडून विटांवरून आतल्या माणसांचा अंदाज घ्यावा, त्यापेक्षा ती पद्धत फारशी वेगळी नव्हती.

प्रश्न : मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेला भूकरमापक आहे. आम्ही शंकुसाखळी आणि प्लेन टेबलापासून टोटल स्टेशनपर्यंत सगळे वापरले, पण हद्दीचा दगड डोळ्यांनी दिसल्यावाचून टिपण कधी केले नाही. समुद्राच्या तळाशी ना यंत्र मांडायचे ठाणे ना दगड. तेथे मोजणी करतात कशी, आणि तिच्या अचूकतेवर कितपत विश्वास ठेवावा? (पंढरपूर)

उत्तर : प्रश्न नेमका आहे आणि उत्तर सविस्तर दिल्यावाचून गत्यंतर नाही. जमिनीवर मोजणीदार, त्याचे यंत्र आणि मोजायची खूण हे तिन्ही एकाच उजेडात असतात. समुद्रात उपग्रहाचे रेडिओ संकेत पाण्यात शिरताच विरतात आणि सूर्यप्रकाश पहिल्या दोनशे मीटरांतच जवळपास संपतो. म्हणून जहाजाची स्वतःची जागा तेवढी उपग्रहांवरून निश्चित करायची आणि तेथून खालचे सारे मापन ध्वनीवर सोपवायचे, अशी ही विभागणी आहे.

जहाजाच्या बुडाला बसवलेला मल्टिबीम इको साउंडर एकाच वेळी शेकडो अरुंद ध्वनिझोत डावी-उजवीकडे तिरके सोडतो आणि प्रत्येक झोताच्या प्रतिध्वनीला लागलेला वेळ मोजतो. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने जातो, त्यामुळे ८०० मीटर खोल तळावरून प्रतिध्वनी यायला सेकंदाहून किंचित अधिक वेळ लागतो. अडचण आहे ती त्या ‘सुमारे’मध्ये. तापमान, क्षारता आणि दाब बदलला की ध्वनीचा वेग बदलतो, निरनिराळ्या थरांतून जाताना तिरके झोत वाकतात, आणि वेगाचा आकडा थोडा चुकला तरी सपाट तळ कडांना वर उचललेला किंवा खाली वाकलेला दिसू लागतो. यासाठी पाहणीच्या दरम्यान संवेदक खोलवर सोडून पाण्याच्या थराथरातील वेगाचा आलेख पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो. जहाजाचे डुलणे, वर-खाली होणे आणि वळणे यांची नोंद दुसरे यंत्र अखंड ठेवते, आणि उथळ भागात भरती-ओहोटीचीही दुरुस्ती करावी लागते. ठाणे नसल्याची भरपाई अशा दुरुस्त्यांच्या साखळीने केली जाते; तिच्यातील एक कडी सैल राहिली तर नकाशा सुबक दिसूनही चुकीचा असतो.

आता अचूकतेविषयी. एक अंश रुंदीचा झोत ८०० मीटर खोलीवर पोहोचेपर्यंत तळावरचे सुमारे १४ मीटर व्यासाचे क्षेत्र व्यापतो, आणि त्याहून लहान वस्तू त्या नकाशात वेगळी उमटत नाही. प्रवाळाचे एकेक झुडूप मात्र एखाद-दोन मीटरांचे असते. याचा अर्थ असा की जहाजावरच्या यंत्राला प्रवाळ दिसतच नाहीत. त्याला दिसतात ते प्रवाळांच्या असंख्य पिढ्यांनी रचलेले उंचवटे. त्याच्या जोडीला प्रतिध्वनीची तीव्रताही नोंदवली जाते, कारण मऊ गाळ ध्वनी गिळतो आणि कठीण पृष्ठभाग तो परतवतो. उंचवटा आहे, तळ कठीण आहे, उतारावर प्रवाह आदळतो आहे, एवढे जमले की ‘येथे प्रवाळ असण्याची शक्यता आहे’ असे म्हणता येते, यापेक्षा अधिक नाही. शक्यतेचे हे नकाशे वृत्तपत्रांत येईपर्यंत प्रत्यक्ष प्रवाळांचे नकाशे होऊन जातात, याची तक्रार मला येथे नोंदवाविशी वाटते.

तुमच्या भाषेत सांगायचे तर दगड डोळ्यांनी पाहण्याचे काम पुढच्या टप्प्यात होते. केबलने जहाजाशी जोडलेले दूरनियंत्रित यान खाली उतरवले जाते. त्याच्यावरील ध्वनिप्रेषकामुळे जहाजाला त्याची जागा समजत राहते. कॅमेऱ्याशेजारी दोन समांतर लेसर किरण ठरावीक अंतरावर, बहुधा १० सेंटिमीटरवर, बसवलेले असतात, आणि चित्रात उमटलेल्या त्या दोन ठिपक्यांवरून वसाहतीचा आकार काढता येतो. यान आधी आखलेल्या रेषांवरून संथपणे फिरते आणि नंतर प्रयोगशाळेत माणसे बसून ते चित्रण भागाभागाने तपासतात: जिवंत प्रवाळ किती, मृत पण उभा सांगाडा किती, मोडून पडलेला चुरा किती आणि त्यांच्यात वावरणारे प्राणी कोणते. समुद्रावरच्या एका दिवसाच्या चित्रणासाठी जमिनीवर कित्येक दिवसांची बैठक लागते, आणि पाहणीचा खरा खोळंबा तेथे होतो. काही ठिकाणी केबलविना स्वतःच्या मार्गाने फिरणारी स्वयंचलित याने तळापासून थोड्याच उंचीवरून जाऊन सूक्ष्म नकाशा काढतात. शिवाय पाण्याचे नमुने गाळून त्यात सुटलेल्या डीएनएच्या अंशांवरून, कॅमेऱ्यात न सापडलेल्या जातींचाही माग काढला जातो.

या पद्धती एकत्र आल्या की काय साधते, याचे अलीकडचे उदाहरण अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यासमोरील ब्लेक पठाराचे आहे. २०२४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३१ मल्टिबीम पाहण्या आणि खोल पाण्यातील यानांच्या २३ बुड्या यांची सामग्री एकत्र करण्यात आली. तिच्यातून ८३,९०८ प्रवाळी उंचवटे मोजले गेले, आणि सुमारे ५०० किलोमीटर लांबीचा, जवळपास २६,००० चौरस किलोमीटरांचा प्रवाळप्रदेश नकाशावर आला. आपला सोलापूर जिल्हा १४,९०० चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे, म्हणजे हा प्रदेश त्याच्या पावणेदोन पट झाला. ८४ हजारांच्या घरातील उंचवटे आणि २३ बुड्या हे प्रमाण मात्र तुमच्यासारख्या मोजणीदाराच्या नजरेतून सुटणार नाही. ते अभ्यासक आपल्या निष्कर्षात निष्काळजी होते असे मुळीच नव्हे, पण ध्वनीने मोजलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले यांतील दरी किती मोठी राहते हे त्यावरून कळते. माझ्या मते या कामातील सर्वांत दुर्लक्षित नोंद म्हणजे ‘येथे काही आढळले नाही’ ही होय. यान नेहमी प्रवाळ अपेक्षित असलेल्या ठिकाणीच उतरवले जाते, रिकाम्या फेऱ्यांविषयी कोणी लिहीत नाही, आणि त्या नोंदींवाचून शक्यतेचा नकाशा दुरुस्त होत नाही.

प्रश्न : आमच्याकडे मंगळसूत्रात पोवळी ओवण्याची प्रथा आहे. ही पोवळी खोल पाण्यातील प्रवाळांची असतात का? (गृहिणी, पूर्व भाग, सोलापूर)

उत्तर : खरे लाल पोवळे प्रामुख्याने भूमध्य समुद्रातील एका प्रवाळाच्या सांगाड्यापासून बनते. तो भित्ती बांधत नाही, त्याच्यात शैवाल नसते आणि त्याला सावली मानवते. म्हणून तो सागरी गुहांत, कपारींखाली आणि पुढे शेकडो मीटर खोलीपर्यंत आढळतो. या दृष्टीने तो खोल पाण्यातील प्रवाळांचाच नातलग. त्याची जाडी वर्षाला मिलिमीटरच्या अंशानेच वाढते, त्यामुळे मण्याएवढी फांदी तयार होण्यास अनेक दशके लागतात. भूमध्य समुद्रात ५० मीटरांहून उथळ भागातून तो काढण्यास आता मनाई आहे. बाजारात मिळणारी बरीचशी पोवळी रंगवलेल्या दुसऱ्या प्रवाळाची, काचेची किंवा प्लास्टिकची असतात, हेही सांगितले पाहिजे. सराफाला विचारण्यात संकोच नसावा.

प्रश्न : लेखात तुम्ही ‘परिसंस्थेतील नाती’ असा उल्लेख ओझरता केला. अंधारात एका जागी रुतून बसलेल्या प्रवाळाचे कोणाशी आणि कसले नाते? मुलांना सांगता येईल असे काही ठोस लिहावे. (शिक्षिका, बार्शी)

उत्तर : पहिले नाते वरच्या प्रकाशित पाण्याशी आहे. पृष्ठभागावर वनस्पतीप्लवक, म्हणजे तरंगत्या सूक्ष्म वनस्पती, वाढतात, त्यांना सूक्ष्म प्राणी खातात, आणि त्यांचे मृत अवशेष, विष्ठा आणि चिकट कण सतत खाली झरत राहतात. या झिरपणीवर खोलातील बहुतेक सृष्टी जगते. तथापि केवळ वरून पडणाऱ्या अन्नावर मोठी भित्ती पोसली जात नाही, त्यासाठी प्रवाहाची मदत लागते. स्कॉटलंडच्या पश्चिमेस मिंगुले येथील भित्तीवर असे आढळले की भरती-ओहोटीच्या प्रवाहामुळे पृष्ठभागाजवळचे अन्नसमृद्ध पाणी थेट भित्तीपर्यंत खाली ओढले जाते. म्हणून प्रवाळांच्या पाहणीत प्रवाहमापक आणि तापमापक महिनोन्‌महिने तळावर ठेवावे लागतात. प्रवाळ कोठे आहे हे कॅमेरा सांगतो, पण तो तेथेच का आहे हे सांगण्यासाठी पाण्याची हालचाल समजावी लागते.

दुसरे नाते शेजाऱ्यांशी. लोफेलियाच्या फांद्यांमध्ये युनिस नावाचा एक लांब कृमी कागदासारखी नळी करून राहतो. प्रवाळ त्या नळीवर चुन्याचा थर चढवतो, शेजारच्या फांद्या त्यामुळे जोडल्या जातात आणि एकूण रचना बळकट होते. कृमी प्रवाळाच्या तोंडचे थोडे अन्नही पळवतो, तरीही प्रयोगांत त्याच्या संगतीत प्रवाळाची चुना रचण्याची गती वाढलेली दिसली आहे. मुलांना ही गोष्ट आवडेल, कारण येथे चोर आणि गवंडी एकच आहे. तिसरे नाते स्पंजांचे. प्रवाळ जो चिकट स्राव सोडतो त्याचा बराच भाग पाण्यात विरघळतो आणि बहुतेक प्राण्यांच्या उपयोगाचा राहत नाही. स्पंज मात्र तो शोषून घेतात आणि पुढे पेशींचे कण टाकतात, जे इतर प्राणी खाऊ शकतात. अन्नाची टंचाई असलेल्या ठिकाणी एवढी भरभराट कशी टिकते, या कोड्याचे थोडे उत्तर या उलाढालीत आहे.

मिंगुलेच्याच भित्तीवर एका छोट्या जातीचे शार्क अंडी घालतात असे आढळले आहे, आणि नॉर्वेत भित्तींजवळ काही माशांची पकड जास्त मिळते. यावरून ‘भित्ती नाहीशी झाली की मासे नाहीसे होतील’ असा सरळ निष्कर्ष काढू नये. काही मासे तेथे आसऱ्याला येतात, काही शिकारीला, तर काही केवळ वाटेवर असतात, आणि ही वर्गवारी प्रत्येक जातीसाठी स्वतंत्रपणे करावी लागते. ईशान्य अटलांटिकमधील लोफेलिया भित्तींवर मिळून १,३०० हून अधिक जातींची नोंद झाली आहे, आणि त्यातील विविधता जिवंत प्रवाळांपेक्षा मृत सांगाड्याच्या पोकळ्यांत अधिक असते. मृत भाग पाहून ‘भित्ती मेली’ असे लिहिणारी पाहणी म्हणजे अर्धे गाव मोजून परतलेली जनगणना.

चौथे नाते सर्वांत दूरचे आणि सिद्ध करण्यास सर्वांत अवघड आहे. प्रवाळ जागचा हलत नाही, पण त्याचे सूक्ष्म डिंभ, म्हणजे अळीसारखी पोहणारी पिल्ले, प्रवाहाबरोबर प्रवास करतात. लोफेलियाचे डिंभ काही आठवड्यांनंतर तळाला चिकटण्यास योग्य होतात आणि प्रयोगशाळेत ते वर्षभर जिवंत राहिल्याचे दिसले आहे. यामुळे शेकडो किलोमीटर अंतरावरच्या भित्ती एकमेकींना वंश पुरवू शकतात. उत्तर समुद्रातील तेल-उद्योगाच्या जुन्या बांधकामांवर लोफेलिया वाढलेली १९९९ मध्ये नोंदवली गेली, तेव्हा हे डिंभ नवी कठीण जागा कशी शोधून काढतात याचा पुरावाच मिळाला. अशा नात्यांचा माग दोन वाटांनी घेतात: प्रवाहांची गणिती प्रारूपे डिंभ कोठे जाऊ शकतील ते सांगतात, आणि प्रवाळांची जनुकीय तपासणी ते प्रत्यक्षात कोठे पोहोचले ते सांगते. दोहोंची उत्तरे जुळली नाहीत तर माझा कौल जनुकांच्या बाजूने असतो.

प्रश्न : सोलापुरातील सांडपाणी आणि गाळ नदीवाटे जाऊन प्रवाळांना बाधतो का? (वकील, सोलापूर)

उत्तर : आपल्याकडचे पाणी सीना आणि भीमेतून कृष्णेला आणि पुढे बंगालच्या उपसागराला मिळते, कोकणसमोरच्या अरबी समुद्राला नाही. मोठ्या नद्यांच्या मुखांशी गोडे पाणी आणि गाळ यांमुळे उथळ प्रवाळभित्ती वाढत नाहीत, आणि कृष्णा-गोदावरीच्या मुखांसमोर त्या नाहीतच. त्यामुळे सोलापूरच्या सांडपाण्याने अमुक भित्ती बाधित झाली असे दाखवता येणार नाही. ते पाणी शुद्ध करण्याची कारणे भीमेच्या काठीच पुरेशी आहेत.

प्रश्न : तापमानवाढीने उथळ भित्ती पांढऱ्या पडत आहेत असे वाचतो. खोल भागातील प्रवाळ सुरक्षित राहून पुढे वरच्या भित्ती पुन्हा वसवतील, अशी आशा बाळगावी का? (प्राध्यापक, अक्कलकोट)

उत्तर : ही कल्पना शास्त्रज्ञांमध्येही बराच काळ लोकप्रिय आहे. खोलीमुळे उष्णता आणि वादळे यांपासून संरक्षण मिळेल, तेथे वाचलेले प्रवाळ वरच्या भागाला डिंभ पुरवतील, असे तिचे स्वरूप. तिच्यासाठी दोन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात: खोल भाग खरोखर सुरक्षित असला पाहिजे, आणि त्याचे वरच्या भागाशी वंशाचे नाते असले पाहिजे. दुसऱ्या अटीविषयी २०१४ मधील एका अभ्यासाने सावध केले. मोंटास्ट्रिया कॅव्हर्नोसा या प्रवाळाचे उथळ आणि खोल समूह बर्म्युडात जनुकीयदृष्ट्या मिसळलेले आढळले, पण फ्लोरिडात तीच जाती खोलीनुसार विभागलेली होती. एका ठिकाणचे उत्तर दुसरीकडे लागू होत नाही, एवढे यावरून नक्की. २०१८ मध्ये अटलांटिक आणि पॅसिफिकमधील पाहणीने तर असे दाखवले की संधिप्रकाशातील भित्तींवरील प्राणिसमूह पुष्कळ अंशी वेगळाच आहे. जो समूहच वेगळा, तो वरच्याची जागा कशी घेणार?

सुरक्षिततेचे म्हणाल तर त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ग्रेट बॅरियर रीफच्या अभ्यासात, २०१६ च्या उष्णतेच्या लाटेत ४० मीटर खोलीवरील प्रवाळांपैकीही सुमारे पाव भाग बाधित झाल्याचे आढळले. उथळ भागात हे प्रमाण निम्म्याच्या आसपास होते. आपल्याला जवळचे उदाहरण हिंदी महासागराच्या मध्यभागी असलेल्या चागोस द्वीपसमूहाचे आहे. तेथे २०१९ मध्ये ९० मीटर खोलीवरचे प्रवाळ पांढरे पडलेले दिसले, आणि आश्चर्य म्हणजे त्या वेळी पृष्ठभागाचे तापमान जवळपास नेहमीसारखेच होते. हिंदी महासागरातील द्विध्रुव स्थितीमुळे, म्हणजे त्याच्या पूर्व आणि पश्चिम भागांच्या तापमानात पडणाऱ्या तफावतीमुळे, उबदार पाण्याचा थर जाड झाला आणि खोलातील तापमान २२ अंशांवरून २९ अंशांपर्यंत गेले. उपग्रह पृष्ठभागाचेच तापमान मोजतात, त्यामुळे ही घटना त्यांना दिसली नसती. आशा बाळगू नये असे मी म्हणणार नाही, पण मोजल्यावाचून ती धोरणात उतरवू नये.

प्रश्न : महाराष्ट्राच्या समुद्रात असे काही आहे का? असल्यास त्याच्या संरक्षणासाठी काय चालले आहे? (अनेक पत्रे, माढा, सांगोला, सोलापूर)

उत्तर : मालवणजवळील उथळ प्रवाळ पुष्कळांना ठाऊक आहेत. त्याहून महत्त्वाची जागा म्हणजे विजयदुर्गच्या पश्चिमेस शंभर किलोमीटरांहून थोड्या अधिक अंतरावर समुद्रात बुडालेले आंग्रिया बँक हे पठार. सरखेल कान्होजी आंग्रे यांचे नाव त्याला दिलेले आहे. ते सुमारे ४० किलोमीटर लांब आणि १५ किलोमीटर रुंद असून त्याचा माथा पृष्ठभागापासून वीसएक मीटरांवर येतो, आणि कडा बऱ्याच खोल उतरतात. किनाऱ्यापासून इतके दूर असल्यामुळे नद्यांचा गाळ तेथे पोहोचत नाही आणि पाणी नितळ राहते. २०१९ च्या अखेरीस शास्त्रज्ञांच्या पथकाने तेथे स्कूबा घेऊन बुडी मारणाऱ्या माणसांच्या मदतीने पाहणी केली आणि जिवंत प्रवाळांची समृद्ध वस्ती नोंदवली. दक्षिणेस मालपेसमोर असलेल्या अशाच एका बुडालेल्या उंचवट्याला गवेषणी बँक म्हणतात. गवेषणी या संशोधन जहाजाचे ते नाव आहे.

आंग्रियाच्या माथ्याइतक्याच तपशिलाने त्याच्या उतारांची पाहणी व्हायला हवी, असे मला वाटते. अरबी समुद्रात साधारण दोनशे ते हजार मीटरांच्या दरम्यान प्राणवायूचे प्रमाण अत्यल्प असलेला पाण्याचा जाड थर आहे, आणि नैर्ऋत्य मोसमी काळात पश्चिम किनाऱ्यालगत तळाचे असे पाणी वर सरकते. उत्तर अटलांटिकमध्ये प्रवाळांना जी खोली मानवते तीच येथे गुदमरवणारी असू शकते. म्हणून नॉर्वेचे आडाखे उचलून कोकणसमोर बसवणे योग्य नाही. उतारावर प्रवाळ कोणत्या खोलीपर्यंत उतरतात, त्या रेषेवर वर्षभर प्राणवायू किती असतो, माथ्यावरचे प्रवाळ लक्षद्वीपहून आलेल्या डिंभांचे वंशज आहेत की स्थानिक, हे प्रश्न प्रवाहमापक, प्राणवायूमापक आणि जनुकीय नमुने यांनीच सुटतील.

संरक्षणाचे म्हणाल तर भारतात दगडी, काळे आणि पंखाकृती प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. परंतु आंग्रिया बँक १२ सागरी मैलांच्या प्रादेशिक जलहद्दीबाहेर, अनन्य आर्थिक क्षेत्रात येते, जेथे देशाचे अधिकार मुख्यतः साधनसंपत्तीपुरते असतात, आणि तेथे अभयारण्य जाहीर करणे मालवणइतके सरळ नाही. तेथे स्कूबा पर्यटनाच्या योजनांची चर्चा अधूनमधून होते. पाहणी पूर्ण होण्याआधी नौकांचे नांगर तेथे पडू नयेत, इतकी अपेक्षा गैरवाजवी नसावी. इतरत्र पाहणीचा उपयोग कसा झाला ते पाहण्यासारखे आहे. फ्लोरिडाच्या पूर्वेस ऑक्युलिना प्रवाळांचे क्षेत्र १९८४ मध्येच संरक्षित झाले. स्कॉटलंडच्या वायव्येस डार्विन माउंड्स १९९८ मध्ये सापडले, दोनच वर्षांनी तेथे ट्रॉल जाळ्यांचे ओरखडे दिसले, आणि २००३ मध्ये त्या भागात तळ खरवडणाऱ्या मासेमारीवर तातडीची बंदी आली. नॉर्वेतील संशोधकांच्या अंदाजानुसार तेथील लोफेलिया क्षेत्राचा ३० ते ५० टक्के भाग ट्रॉलिंगने बाधित झाला होता. हवाईजवळील एका काळ्या प्रवाळाचे वय रेडिओकार्बन पद्धतीने ४,२६५ वर्षे निघाले आहे. असा जीव एकदा जाळ्यात मोडला की त्याची भरपाई कोणत्याही योजनेच्या मुदतीत बसत नाही.

प्रश्न : सोलापुरात राहून, समुद्र न पाहिलेल्या विद्यार्थ्याला या क्षेत्रात यायचे असेल तर काय करावे? मत्स्य ६००० मधून जाण्याची संधी मिळेल का? (बारावीचा विद्यार्थी, मोहोळ)

उत्तर : मत्स्य ६००० हे तीन माणसांना ६,००० मीटरांपर्यंत नेण्यासाठी चेन्नईच्या राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेत विकसित होत असलेले यान आहे. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या ४,०७७ कोटी रुपयांच्या खोल समुद्र मोहिमेचा तो एक भाग. त्याच संस्थेचे रोसब ६००० हे मानवरहित यान २०१० मध्ये ५,२८९ मीटरांपर्यंत जाऊन आले आहे. आत बसण्याच्या जागा तीनच असल्यामुळे त्यांचा नाद सध्या सोडावा. प्रवाळांच्या पाहणीतील बहुतेक माणसे जहाजावर किंवा संगणकासमोर काम करतात, आणि तेथे जागा पुष्कळ आहेत. प्राणिशास्त्र, भूशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा संगणकशास्त्र यांपैकी कोणत्याही वाटेने पदवी घ्यावी, सांख्यिकी आणि जीआयएस (संगणकावर नकाशे व स्थानिक माहिती हाताळण्याची प्रणाली) नीट शिकून घ्यावे, आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, कोचीचे सागरी सजीव संसाधन केंद्र किंवा कोचीनचे विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ यांच्या प्रवेशसूचनांवर लक्ष ठेवावे. पाण्याखालील चित्रणातून प्राणी ओळखण्याचा सराव तर घरी बसूनही करता येतो, कारण अमेरिकेच्या ओकेनॉस एक्सप्लोरर या जहाजाच्या बुड्यांचे चित्रण सर्वांना विनामूल्य पाहता येते. पहिल्या काही तासांत डोळ्यांना सगळेच दगड वाटतील, पण चिकाटी सोडू नये. पोहणेही शिकून घ्यावे.